बेडकाचं बारसं

‘‘आत्या कोण होणार?’’ विमलकाकूंनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

‘‘बाळाचे वडील माझे गाइड,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणजे मी फार तर बाळाची ताई. आत्या कशी होईन?’’

‘‘आज भाव खाऊ नकोस गं. बस पुढं.’’

बाळ बरणीत होतं. लोणच्याची जुनी काचेची बरणी, तिच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेला आणि आत कर्दळीचं एक कोवळं पान. पानाच्या देठाशी अंगठ्याच्या नखाएवढा हिरवट बेडूक चिकटून बसला होता. काकूंनी ती बरणी फुलांच्या परडीत ठेवली होती आणि परडी माजघराच्या दारावरच्या हुकाला टांगली होती. परडीला झेंडूची माळ होती. स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजल्याचा वास येत होता.

शेजारच्या अक्का तेवढ्यात आल्या. नेसरीकर सरांकडं बारसं आहे एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्या पदराखाली झबलं घेऊन आल्या होत्या. त्यांनी परडीत डोकावून पाहिलं आणि झबलं पुन्हा पदराखाली घातलं.

‘‘आगं बया,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ह्येला कुणाचं नाक म्हणायचं?’’

सर खुर्चीत बसून पोट धरून हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ही १९८४ सालची, आजऱ्यातली गोष्ट. दिगंबर नेसरीकर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते आणि प्रभाकर तोडकर प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. उभ्या आयुष्यात त्यांनी आंबोलीपासून चंदगडपर्यंतचे बेडूक ओळखले, पण ते सगळे कुणा ना कुणा साहेबानं आधीच नाव देऊन ठेवलेले. सरांनी स्वतः नाव ठेवलेला एकही प्राणी जगात नव्हता. मग दोन पावसाळ्यांपूर्वी हत्तीच्या माळावर करवंदीच्या जाळीत त्यांना हा सापडला. कुठल्याच पुस्तकात तो नव्हता. सरांनी पुस्तकं पुन्हा पुन्हा चाळली, मुंबईला जाऊन संग्रहालयातल्या बाटल्या पाहिल्या, आणि मग एके दिवशी प्रयोगशाळेत येऊन मला नुसतंच म्हणाले, ‘‘इंगवले, हा आपला.’’

नावं ठेवणं हा सरांचा छंदच होता. ग्रीक त्यांना वाचता येत नसे, पण ग्रीक शब्दांचे तुकडे तोंडपाठ होते. पाऊस जास्त झाला आणि वर्गात मुलं कमी आली की ते धडा बाजूला ठेवून तुकडे शिकवत. पोद म्हणजे पाय. आपलं पद आणि त्यांचं पोद एकाच घरची. ओदोन्त म्हणजे दात, आपला दंत. ओनोमा म्हणजे नाम. गास्टर पोट, मेलास काळा, लेप्टोस बारीक, ब्राडिस मंद. मग त्या तुकड्यांतून आम्ही आख्ख्या कॉलेजाचं नामकरण केलं. फी भरायच्या खिडकीवरचे हेडक्लार्क ब्रॅडिपस झाले, म्हणजे मंद पावलांचे. प्राचार्य मॅक्रोगॅस्टर झाले, त्याचा अर्थ सांगायची गरज पडली नाही. तोडकर पान खायचा म्हणून एरिथ्रोडॉन, लाल दातांचा. मी लेप्टोपस, काडीपायाची.

‘‘हे जन्मभर लोकांना नावं ठेवत आले,’’ काकू म्हणायच्या, ‘‘आणि पगार घेतात प्राण्यांचा.’’

बेडकाचं नाव मात्र सरांनी थट्टेत ठेवलं नाही. त्या काळी अशा झुडपातल्या बेडकांना पहिलं नाव असायचं ‘फिलॉटस’. तेही ग्रीकच, स्वतःवर प्रेम करणारा. पहिलं नाव म्हणजे आडनावासारखं, ते ठरलेलं. आपल्या हातात दुसरं. ते दुसरं नाव सरांनी ठेवलं ‘अफोनस’. फोनी म्हणजे आवाज, अ म्हणजे नाही. ज्याला आवाज नाही तो.

कारण हा बेडूक मुका होता. सर माळावर एकटे जायचे, शाळामास्तरांच्या घरी मुक्काम करायचे. संध्याकाळी जाळीशेजारी कातळावर बसायचे, टॉर्च बंद करायचे आणि ऐकायचे. बाकीच्या जातींचे नर आरडाओरडा करून गाव डोक्यावर घेतात, आणि हा हाताच्या अंतरावर बसून एक शब्द बोलत नाही. टॉर्च लावला तरी गप्प, गळासुद्धा हलत नाही. मला माळावर जायला मिळालेलं नव्हतं. मुलींना मुक्कामी नेणं तेव्हा कॉलेजला चालत नसे. मी फॉर्मेलिनमधल्या नमुन्यांची मापं घेतली होती. नमुने आकसलेले होते. गळ्याखाली पिशवी आहे की नाही ते नीट कळत नव्हतं.

मुंबईच्या नियतकालिकानं आमचा शोधनिबंध परीक्षकाकडं पाठवला, तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता: मुका कशावरून? सरांनी उत्तर लिहिलं, मी स्वतः बसून ऐकलं आहे. परीक्षकाचं समाधान झालं. आता छपाईची प्रुफं आली होती, सरांनी आणि मी तपासली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालानं ती परत जायची होती. छापून झालं की संपलं. नाव एकदा छापलं की ते चुकीचं निघालं तरी बदलत नाही, हा आमच्या शास्त्राचा कायदा. सर त्याचं उदाहरण दरवर्षी वर्गात द्यायचे. स्वर्गपक्ष्याची कातडी युरोपात पहिल्यांदा पोचली ती पाय कापलेली. पाहणाऱ्याला वाटलं, ह्याला पायच नसतात. त्यानं नाव ठेवलं ‘अपोडा’, बिनपायाचा. पुढं पाय सापडले. दोनशे वर्षं झाली, पक्षी दोन पायांवर उभा आहे आणि कागदोपत्री बिनपायाचाच आहे.

प्रुफं जाणार म्हणून काकूंनी हा घाट घातला होता. ‘‘तुमचं एवढं पहिलं बाळ,’’ त्या म्हणाल्या होत्या, ‘‘आणि बारसं पोस्टात?’’ आदल्या दिवशी सरांनी माळावरून एक जिवंत नर आणला होता, चित्र काढायला. तोच आजचा उत्सवमूर्ती.

‘‘अंघोळ घातली का त्याला?’’ तोडकरनं विचारलं.

‘‘थांब,’’ म्हणत काकूंनी तांब्यात हात बुडवला आणि मलमलीतून पाणी शिंपडलं. एकदा, दोनदा, चांगलं भरपूर. पानावरून थेंब ओघळले. बेडकानं डोळे मिटून उघडले.

‘‘आता कान कुठंय ते सांगा, सर. आत्याबाई कुठं कुर्रर्र करणार?’’

‘‘डोळ्यामागं बारीक टिकली दिसते ना? तोच. टिंपॅनम. ग्रीकच शब्द आहे, ढोलकं.’’ सर उठून उभे राहिले, आमच्याकडं तोंड करून आणि परडीकडं पाठ करून. त्यांना आता दोन शब्द बोलायचे होते. ते वर्गात बोलायच्या आधी घसा साफ करत, तसा त्यांनी केला. ‘‘चालू दे, इंगवले.’’

मी परडीजवळ वाकले, बरणीला तोंड लावलं आणि म्हटलं, ‘‘कुर्रर्र... अफोनस.’’ तोडकरनं आणि काकूंनी रीतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे घातले. तोडकरनं हात धुऊन घेतला.

मी अजून वाकलेलीच होते. कानाजवळ आवाज आला. टिक्. काचेच्या बांगडीवर बांगडी लागावी तसा. मला वाटलं, काकूंच्याच बांगड्या. मग पुन्हा आला. टिक्. टिक्-टिक्.

काकूंचे हात पदरात होते.

‘‘मित्रहो,’’ सर सांगत होते, ‘‘माणसाचं नाव हौसेनं ठेवतात. काळ्या मुलीचं नाव गौरी असतं आणि कुणाचं बिघडत नाही. शास्त्रात तसं चालत नाही. जे आहे तेच नावात...’’

टिक्. टिक्-टिक्-टिक्.

माजघरात आता तो आवाज स्पष्ट घुमत होता. तोडकरचं तोंड उघडं राहिलं. अक्का परडीकडं बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘आवो, बोलतंय की ह्ये! मुकं म्हणालासा नव्हं?’’

सर बोलत राहिले. अक्का बारीक आवाजाच्या होत्या. सरांनी त्यांच्याकडं पाहून हसून मान डोलावली, जशी ते नेहमी डोलवायचे, आणि वाक्य पुरं केलं: ‘‘...जे आहे तेच नावात आलं पाहिजे.’’

‘‘चहा!’’ काकू एकदम मोठ्यांदा म्हणाल्या. ‘‘शैला, तोडकर, आत या जरा. कप काढायचेत. अक्का, घुगऱ्या डब्यात घालून देते हं, तुमची नातवंडं वाट बघत असतील.’’

अक्कांना त्यांनी डबा भरून मागच्या दारानं वाटेला लावलं. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि गॅस बारीक केला.

‘‘काकू,’’ तोडकर म्हणाला, ‘‘सरांना...’’

‘‘ठाऊक आहे मला.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हापासून. मोजले नाहीत मी दिवस. दाराची घंटी येत नाही. मी आधी उठते आणि म्हणते, अहो, कुणीतरी आलंय वाटतं.’’

‘‘पण वर्गात तर मुलांना उत्तरं देतात.’’

‘‘जाडा आवाज येतो रे. बारीक तेवढा गेला. तुझं सगळं कळतं त्यांना, तुझा आवाज म्हणजे घंगाळ.’’

‘‘आणि माझं?’’ मी विचारलं.

काकूंनी कप पुसायला घेतला. ‘‘तुझं ओठांवरून ओळखतात.’’

सर मला पहिल्या दिवसापासून सांगत आले होते: इंगवले, खाली बघून बोलू नकोस, माझ्याकडं बघून बोल. धीटपणा अंगी यावा म्हणून ते असं म्हणतात असं मी समजत होते, आणि खरोखरच थोडी धीट झालेही होते.

‘‘मग अडचण काय?’’ तोडकर हळू आवाजात म्हणाला. ‘‘इथं आपण तिघं. अक्कांना त्यातलं काही कळत नाही. प्रुफं सकाळी जाऊ द्यात. त्या माळावर कोण जातंय मरायला?’’

‘‘कुणीतरी जाईलच,’’ मी म्हटलं. ‘‘आज ना उद्या. टेपरेकॉर्डर घेऊन जाईल. मग लिहील, नेसरीकरांनी ज्याला मुका म्हटलं तो सगळ्यात जास्त बडबड करतो.’’

‘‘लिहू दे की. सर तेव्हा घरी आरामखुर्चीत असतील.’’

‘‘आणि नाव तसंच राहील, तोडकर. कायमचं. प्रत्येक पुस्तकात.’’

‘‘अगं, पण आत्ता सांगितलं तर काय होईल? निबंध मागं घ्यावा लागेल. ह्या अंकातली जागा गेली. पुढचा अंक केव्हा, ते रिटायर झाल्यावर. तोवर पुण्याच्या कुणाला हा बेडूक सापडला तर? त्यानं नाव ठेवलं तर संपलंच की. तुझंही नाव आहे त्या निबंधावर, ते विसरू नकोस.’’

मी विसरले नव्हते. छापलेलं माझं ते पहिलंच नाव असणार होतं.

काकू इतका वेळ तोच कप पुसत होत्या. ‘‘शैला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तू म्हणतेस ते खरं असेल. पण बाहेर जाऊन मी काय सांगू? तुमचं बाळ मुकं नाही हो, तुम्ही बहिरे आहात, असं?’’

चहा उतू जायला आला, तो तोडकरनं उतरवला.

‘‘मी घुगऱ्या देऊन येते त्यांना,’’ मी म्हटलं. काय करायचं ते ठरवून मी उठले नव्हते. तिथं उभं राहवेना, एवढंच.

सर माजघरात जमिनीवर मांडी घालून बसले होते. परडी त्यांनी हुकावरून खाली उतरवली होती. बरणी पुढ्यात होती आणि हातात भिंग होतं. खिडकीतून संध्याकाळचा उजेड सरळ बरणीवर येत होता.

‘‘इंगवले, इकडं ये. ह्याचा गळा बघ.’’

मी शेजारी बसले. गळ्याखाली हरभऱ्याएवढा पांढुरका फुगा येत होता आणि बसत होता. तो आला की आवाज येत होता. टिक्. टिक्-टिक्.

‘‘हा श्वास नाही,’’ सर म्हणाले. ‘‘श्वास असा तुटक नसतो. आणि ही पिशवी बघ. आपल्याला नमुन्यात दिसली नव्हती.’’

‘‘हो, सर.’’

‘‘हो काय?’’ त्यांनी भिंग खाली ठेवलं. ‘‘माझ्याकडं बघून सांग. आवाज येतोय?’’

स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

‘‘येतोय, सर.’’

‘‘आत्ता?’’

‘‘आत्तासुद्धा.’’

सरांनी डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला. ऐकायचं कसं हे त्यांनीच आम्हांला शिकवलं होतं. डोळे मिटायचे, श्वास थांबवायचा, मान जरा कलती ठेवायची. ते तसे बसले. बेडूक ओरडला. थांबला. पुन्हा सलग ओरडला, आता चांगला रंगात आला होता. सरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. शेवटी त्यांनी श्वास सोडला.

‘‘कसा आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बारीक. काचेच्या बांगड्यांसारखा.’’

काकू आल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग त्यांनी आमच्यादेखत सरांचा हात हातात घेतला. आजऱ्यात, त्या काळात, विद्यार्थ्यांसमोर. तोडकर दारातच थांबला आणि त्यानं मान फिरवली. बेडूक ओरडला तशी काकूंनी सरांची बोटं दाबली. पुन्हा ओरडला, पुन्हा दाबली. सर गळ्याच्या फुग्याकडं पाहत होते. फुगा आणि बोटं एकाच ठेक्यावर चालली होती.

‘‘तुला माहीत होतं,’’ सर म्हणाले.

‘‘होतं.’’

‘‘आणखी काय काय येत नाही मला?’’

‘‘जाऊ द्यात ना आता.’’

‘‘विमल, सांग.’’

‘‘कुकर,’’ काकू म्हणाल्या. ‘‘घंटी. माझ्या बांगड्या. सकाळी तुळशीपाशी चिमण्या येतात त्या. आणि...’’ त्या थांबल्या.

‘‘आणि?’’

‘‘ऋता.’’

ऋता म्हणजे त्यांची नात. बेळगावला असायची, चार-पाच वर्षांची. रविवारी तिचा फोन यायचा.

‘‘ती लाजते फोनवर,’’ सर म्हणाले. ‘‘गप्प बसते.’’

‘‘गप्प नसते हो ती. मी शेजारी उभी असते, मला रिसीव्हरमधून ऐकू येतं. सगळं सांगते ती तुम्हाला. शाळेतलं, मांजराचं, खाली पडली ते. तुम्ही मध्येच म्हणता, बोल की गं काहीतरी.’’

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसला.

‘‘मागच्या रविवारी मी तिला म्हणालो,’’ ते म्हणाले, ‘‘मुकी आहेस का?’’

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि उठताही येत नव्हतं. बेडूक मात्र कुणाची पर्वा न करता ओरडत होता.

सरांनी चष्मा घातला. ‘‘तोडकर, टेबलावरचं पाकीट आण.’’

‘‘सर, मी काय म्हणतो,’’ तोडकर पाकीट छातीशी धरून म्हणाला, ‘‘राहू दे आहे तसं. स्वर्गपक्ष्याचं नाही का राहिलं? कुणी हसतंय का त्याला?’’

‘‘त्या पक्ष्याला नाव देणाऱ्यानं पाय असलेला पक्षी बघितलाच नव्हता. त्याला कातडं मिळालं, त्यानं कातड्याचं वर्णन केलं. मी ह्याच्यासमोर बसून ऐकलंय, आणि तसं लिहून दिलंय. माझ्या सहीनं. आण ते इकडं.’’

पाकीट चिकटवून झालं होतं. ते त्यांनी सावकाश फाडलं. पहिल्या पानावर जाड अक्षरात आमच्या बेडकाचं नाव होतं. सरांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या शब्दावर एक सरळ रेघ मारली.

‘‘सकाळी तार करायची, छपाई थांबवा म्हणून. इंगवले, तू कर. आणि दुसरं नाव शोध.’’

‘‘मी?’’

‘‘ऐकलंय कुणी? मी की तू?’’

मी त्या रात्री काही शोधलं नाही. शोधायची गरजच नव्हती. सरांनी शिकवलेल्या तुकड्यांत ते होतंच. सकाळी तार करून मी त्यांच्याकडं गेले आणि सांगितलं, ‘‘लेप्टोफोनस. बारीक आवाजाचा.’’ सरांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, बाळाला उचलून वजन पाहावं तसं. ‘‘चालेल,’’ ते म्हणाले. ‘‘जे आहे ते आहे.’’

आता आवाजाचं वर्णन हवं होतं आणि ते माळावरच करायला हवं होतं. काकू बरोबर येणार म्हटल्यावर कॉलेजची हरकत मिटली. गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही चौघं हत्तीच्या माळावर गेलो. तोडकरनं मंडळाचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता. त्यातल्या कॅसेटवर आरत्या होत्या आणि त्या पुसणार नाही अशी शपथ घेऊन त्यानं वेगळी कॅसेट विकत घेतली होती. शाळामास्तरांच्या घरी चहा घेऊन आम्ही दिवस मावळायला जाळीपाशी पोचलो.

सर एका कातळावर बसले. ‘‘इथंच बसायचो मी,’’ ते म्हणाले.

पाऊस नुकताच पडून गेला होता. उजेड कमी होत गेला तशी एका जाळीतून सुरुवात झाली, मग दुसरीतून, आणि बघता बघता सगळा माळ वाजायला लागला. घड्याळाच्या दुकानात शिरल्यासारखं. तोडकर म्हणाला, ‘‘च्यायला!’’ आणि काकूंकडं पाहून जीभ चावली.

‘‘किती आहेत?’’ सरांनी विचारलं.

‘‘मोजता येत नाहीत, सर. सगळीकडं आहेत.’’

‘‘सगळीकडं?’’ सर हसले. त्या हसण्याला काय म्हणावं ते मला अजून सांगता येत नाही. ‘‘आणि मी इथं बसून डायरीत लिहायचो, संपूर्ण शांतता.’’

काकू त्यांच्या शेजारी बसल्या होत्या आणि हात त्यांनी आधीच घेतला होता. माझ्याजवळ कागद होता. सर मजकूर सांगू लागले.

‘‘लिही. आवाज. बारीक, तुटक, एकेक किंवा ओळीनं. सुरुवात तिन्हीसांजेला. टॉर्चचा उजेड पडताच बंद होतो. पुढचं वाक्य. हा आवाज पहिल्या लेखकाला ऐकू येत नाही. वर्णन दुसऱ्या लेखिकेनं ऐकल्यावरून केलं आहे.’’

माझी पेन्सिल थांबली. ‘‘सर, ते मधलं लिहायची काय गरज आहे?’’

‘‘बेडूक कुणी पाहिला, कुठं पाहिला, ते लिहितो का नाही? मग कुणी ऐकला तेही लिहायचं. आणि कुणी नाही ऐकला तेही.’’

संपादकांनी पुढं ते वाक्य गाळायला सांगितलं. शास्त्रीय निबंधात असलं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. सरांनी उलट कळवलं की हेही निरीक्षणच आहे. निबंध छापून आला तेव्हा सर निवृत्त झाले होते, त्यांच्या नावाखाली कॉलेजचं नाव नव्हतं, आणि ते वाक्य होतं. आज ह्या बेडकाचं पहिलं नाव बदललं आहे. नव्या लोकांनी त्याला दुसऱ्या घराण्यात नेऊन बसवलं. दुसरं नाव तेच राहिलं. माझे विद्यार्थी तो जुना निबंध वाचतात, त्या ओळीपाशी येतात आणि आधी हसतात. मग एखादा विचारतो, मॅडम, हे खरंच असं लिहिलं होतं का त्यांनी? मी त्यांना हा माळ सांगते.

त्या संध्याकाळी लिहून झाल्यावर आम्ही बराच वेळ तसेच बसलो होतो. कॅसेटची एक बाजू संपली ती उलटायला तोडकरनं टॉर्च लावला, आणि सगळा माळ एका क्षणात बंद झाला.

‘‘काय झालं?’’ सर म्हणाले. ‘‘हात का थांबला?’’

‘‘तोडकरनं टॉर्च लावला. गप्प झाले सगळे.’’

तोडकरनं घाईनं टॉर्च विझवला. आम्ही वाट पाहू लागलो. गवतावरून पाणी निथळत होतं तेवढंच.

‘‘आता?’’ सरांनी विचारलं.

‘‘गप्पच आहेत.’’

‘‘खरंच गप्प? का मलाच...’’

‘‘खरंच हो,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मलासुद्धा काही ऐकू येत नाहीये.’’

सरांनी मान मागं झुकवली आणि डोळे मिटले. आम्ही चौघं तिथं बसून एकच काहीतरी ऐकत होतो. मग लांबच्या जाळीतून पहिला टिक् आला. काकूंनी बोटं दाबायला जरासा वेळ लावला.

‘‘सुरू झाले ना?’’ सर डोळे न उघडता म्हणाले. ‘‘दाब, दाब. तू ऐकलंस की तुझा हात आधीच ताठ होतो.’’